अर्ध्या शक्तीची वाट

आमच्या रोहिणखेडात ताप आलेल्या माणसाला कामाची सवलत मिळते, पायात काटा मोडून पू धरलेल्याला मिळते, विंचू चावलेल्याच्या तर उशापायथ्याशी अवघी गल्ली रात्रभर बसून राहते. परंतु ज्याचे अर्धे मस्तक पहाटेपासून ठणकते आहे, उंबऱ्यातून येणारा उजेडही ज्याला सोसवत नाही आणि शेजारच्या घरातील फोडणीच्या वासाने ज्याच्या पोटात ढवळून येते, त्याला अशी सवलत मागण्याचाही संकोच वाटावा, अशी येथील आणि बहुधा सर्वत्रचीच रीत आहे. अर्धशिशीत ना अंग तापते, ना सूज येते, ना व्रण दिसतो. चार तासांनी म्हणा, तीन दिवसांनी म्हणा, ती उतरली की माणूस पुन्हा विळा घेऊन बाहेर पडतो, आणि जो आज कामाला लागला तो काल खरोखरच आजारी होता यावर कोणाचा विश्वास बसत नाही. या अविश्वासाचा परिणाम असा होतो की रोगी दोहोंपैकी एक टोक जवळ करतो: एक तर दुखणे दाबून तो राबत राहतो, नाही तर दुखण्याचा धसका घेऊन शरीर हलवण्याचेच सोडून देतो. या दोन टोकांच्या मधून जाणारी एक वाट आहे आणि ती चालता येते, असे माझे अनुभवाने व वाचनाने बनलेले मत आहे.

माझ्या आईला ही व्यथा होती. आषाढ-श्रावणात, निंदणीच्या ऐन दिवसांत, आभाळ दाटून उकाडा कोंडला की ती सकाळीच लुगड्याची चिंधी कपाळाला आवळून बांधी, सुंठ उगाळून तिचा लेप कानशिलावर थापी, आणि भाकरीचे फडके उचलून शेताकडे निघे. गावात अर्धशिशी उतरवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्याकडे सूर्योदयापूर्वी जावे, त्यांनी काही पुटपुटत रोग्याच्या कपाळावरून हात फिरवावा आणि रोग्याने मागे न पाहता घरी परतावे, असा परिपाठ असे. कोणी उजाडण्याआधी दुधाबरोबर जिलेबी खाण्यास सांगे, कोणी नाकात गाईच्या तुपाचे थेंब सोडी. या उपायांची हेटाळणी करण्याची माझी मुळीच इच्छा नाही, कारण ऊन चढण्यापूर्वी उठावे, रिकाम्या पोटात काही गोड घालावे, आणि निदान तेवढा वेळ तरी कोणीतरी आपल्या वेदनेकडे लक्ष द्यावे, एवढे हित त्यांत निश्चित होते. परंतु तो विधी आटोपला की आई थेट शेतात जाई, आणि दुपारच्या उन्हात ओकारी येऊन बांधावर डोके धरून बसे. ‘गवत थांबत नाही, बाबू,’ एवढेच ती म्हणे. तिच्या त्या वाक्यात तक्रार नव्हती. परंतु त्या वाक्यामागची सक्ती मला पुढे आयुष्यभर पुरली आहे.

हा विकार घराण्यातून उतरतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे तिपटीने आढळतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. तो माझ्याही वाट्याला आला. महसूल खात्यातील कारकुनीत जमाखर्चाच्या रकान्यांवर नजर ठेवून बसणाऱ्याला या व्यथेची पूर्वसूचना कागदावरच मिळत असे: एखाद्या आकड्याचा मधला भाग दिसेनासा व्हावा, त्याच्या कडेला नागमोडी लकाकणारी रेघ उमटावी, ती हळूहळू विस्तारत दृष्टीच्या एका अंगाला जावी, आणि ती विरली की त्यानंतर मस्तकाच्या एका बाजूला पहिला ठोका पडावा. नोकरीच्या सवयीने मी या दुखण्याचाही रोजनामा ठेवू लागलो. निद्रा, आहार, पाणी, ऊन, श्रम, आभाळ आणि वेदना असे त्याचे रकाने होते, आणि त्यात लिहावयाचे ते त्याच दिवशी लिहावयाचे, मागाहून आठवून भरावयाचे नाही, एवढाच त्याचा दंडक होता.

स्वतःच्या दुखण्याकडे असे बारकाईने पाहणे व्यर्थ नसते याचा फार सुंदर पुरावा या विकाराच्या अभ्यासाच्या इतिहासातच आहे. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला अर्धशिशी होती. आपल्या दृष्टीतील त्या लकाकत्या रेघेची आकृती त्याने ठराविक अंतराने कागदावर रेखली, आणि मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर ही खळबळ मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर एवढ्या मंद गतीने सरकत असावी, असा हिशेब 1941 साली प्रसिद्ध केला. पुढे 1944 साली ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआव यांनी सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून तशाच मंद गतीने पसरत जाणारी, मागे चेतापेशींना काही काळ निस्तेज करून सोडणारी लाट नोंदवली, आणि त्या दोन नोंदींचा सांधा जुळला. ज्या रेघेला आपण डोळ्यांचा भ्रम समजतो ती मेंदूवरून चाललेली एक खरीखुरी लाट असते. त्याच गडबडीत मेंदूच्या आवरणातील, चेहऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूची टोके जागी होतात, ती काही द्रव्ये सोडतात, रक्तवाहिन्या फुगतात, आणि ठणकत ठणकत वेदना उसळते. झटका चालू असता साधा जिना चढल्यानेही दुखणे वाढावे, हे म्हणूनच या विकाराच्या निदानाचे एक लक्षण मानले आहे. आणि झटक्याच्या वेळी अंधाऱ्या खोलीत निश्चल पडून राहण्याची रोग्याची ओढ हा आळस नसून शरीराचा रास्त हुकूम आहे.

माझ्या रोजनाम्यातून जे हळूहळू स्पष्ट होत गेले ते असे की वेदनेच्या रकान्याचा मेळ श्रमाच्या रकान्याशी बसत नव्हता, तर श्रमातील अकस्मात बदलाशी बसत होता. पुष्कळ चाललेल्या आठवड्यात मस्तक शांत असे. बैठ्या आठवड्यानंतर एकाएकी शेतात दिवसभर वाकून काम केले की ते उठे. कमी झोप जशी त्याला खपत नसे तशीच सुटीच्या दिवशीची लांबलेली झोपही खपत नसे. जेवण चुकले, पाणी चुकले, नेहमीचा चहा चुकला, की त्याची वसुली संध्याकाळपर्यंत होई. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसवत नाही, तो नियमिततेवर जगतो, हे आजच्या वैद्यकाचेही म्हणणे आहे, आणि मला ते सर्वस्वी पटते.

आमच्या प्राचीन ग्रंथकारांना यातील किती कळले होते हे पाहिले की मन आदराने भरते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात अर्धावभेदकाचे वर्णन आहे. मान, भुवई, कानशील, कान, डोळा आणि कपाळ यांच्या अर्ध्या भागात शस्त्राने छेदल्यासारखी तीव्र वेदना होते, असे तेथे म्हटले आहे, आणि त्याच्या कारणांत रूक्ष अन्न, पहिले जेवण जिरण्यापूर्वीच पुन्हा जेवणे, पूर्वेकडचा वारा, दव, मलमूत्रादी वेगांचे धारण, आणि त्यांच्याच पंक्तीस आयास व व्यायाम यांची गणना केली आहे. व्यायाम हे या रोगाचे कारण! येथे थांबणारा वाचक खाटेवर पडून राहील. परंतु त्याच परंपरेतील वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत व्यायामाला लाघव, कार्यसामर्थ्य आणि दीप्त अग्नी देणारा म्हणून गौरविले आहे, आणि त्याची मर्यादाही आखून दिली आहे: बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्या माणसाने शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अर्धे बल संपले हे कशावरून ओळखावे, याचाही विचार सुश्रुताने केला आहे. श्वास मुखावाटे येऊ लागला की तेथे थांबावयाचे. घड्याळ नाही, नाडी मोजणे नाही, कोणतेही यंत्र नाही. रानात एकटा असलेल्या माणसालाही हे माप सोबत बाळगता येते.

हे माप घेऊन मी आमच्या गावाची वाट चालू लागलो, आणि ती वाट त्यासाठी विलक्षण अनुकूल निघाली. रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला मलकापूरकडची काळी सपाट जमीन, दक्षिणेला वर बुलढाण्याचे पठार. खानदेश आणि वऱ्हाड यांच्यामधल्या या सांध्यामुळेच येथे सैन्ये भिडली. 1437 साली खानदेशच्या नासिरखान फारुकीचा बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार याने येथे पराभव केला, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अहमदनगरच्या गादीचा निकाल लावणारी लढाई होऊन तेथील कारभारी जमालखान येथेच पडला. त्याच सांध्यामुळे मला घरापासून निघून आधी सपाटी, मग किंचित चढ, मग खरी चढण अशी क्रमाने वाढत जाणारी वाट मिळाली. खुदावंतखान महदवीने 1582 साली बांधलेल्या जुन्या मशिदीपर्यंतचा टप्पा मी संथ चालतो. तिच्या काळवंडलेल्या दगडी कमानींपाशी पोहोचेपर्यंत अंग उबदार झालेले असते, श्वासाला लय आलेली असते, आणि मगच डोंगराकडे वळावयाचे. चढणीवर तोंड उघडू लागले की थांबावयाचे, उभ्याउभ्या सपाटीकडे पाहावयाचे, आणि श्वास पुन्हा नाकातून येऊ लागला की पुढे. हिवाळ्यात ही चढण मनसोक्त होते. वैशाखात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, उजाडण्यापूर्वी सपाटीवरच फिरून परतावयाचे. ऋतूप्रमाणे माप बदलावे हे वाग्भटाचे म्हणणे वऱ्हाडच्या उन्हाइतके दुसरे कोठे पटत नसेल.

अशा चालण्याने दुखण्याला खरोखरच उतार पडतो का, या प्रश्नाचा एक प्रामाणिक तपास स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाला आणि त्याचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. 91 रोग्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून 3 वेळा 40 मिनिटे व्यायाम केला, दुसऱ्याने शरीर सैल सोडण्याची शिथिलीकरणाची साधना केली, तिसऱ्याने टोपिरामेट हे झटके टाळण्याचे औषध घेतले. आणि झटके कमी होण्याच्या बाबतीत तिन्ही गटांत उल्लेखनीय अंतर आढळले नाही. मला त्या संख्येपेक्षाही त्या 40 मिनिटांची वाटणी अधिक बोधक वाटते. त्यांतील 15 मिनिटे केवळ अंग तापवण्यासाठी, 20 मिनिटे प्रत्यक्ष श्रम, आणि शेवटची 5 मिनिटे शांत होण्यासाठी होती. म्हणजे अर्ध्या वेळाचाच श्रम, आणि उरलेला अर्धा वेळ श्रमात शिरण्यासाठी व त्यातून बाहेर पडण्यासाठी. आमचा शेतकरी गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी पूर्ण तास मारावयास लावीत नाही. त्याला आधी रिकाम्या जुवाची सवय करवितो. स्वतःच्या देहाला मात्र तो ही सवलत देत नाही.

औषधांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण चालणाऱ्या-राबणाऱ्या माणसाला त्यांचे गुणदोष निराळ्या प्रकारे भोवतात. झटक्याच्या आरंभीच घेतलेली गोळी काम करते आणि उशिरा घेतलेली बहुधा वाया जाते. तथापि किराणा दुकानातून मिळणारी साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, अथवा संमिश्र गोळ्या व ट्रिप्टान वर्गातील औषधे 10 किंवा अधिक दिवस घेत राहिले, तर ती गोळीच नव्या डोकेदुखीचे कारण होते. हे आमच्या गावात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि सकाळी कामावर जाण्यापूर्वी चहाबरोबर गोळी घेण्याची चाल मात्र पुष्कळ घरांत आहे. हृदयविकार असलेल्याने ट्रिप्टान घेऊ नये. प्रतिबंधासाठी दिले जाणारे प्रोप्रानोलोल हृदयाचे ठोके मंदावते, त्यामुळे चढणीवर पूर्वीसारखा दम टिकत नाही. टोपिरामेटमुळे काहींना घाम कमी येतो, आणि घाम न येणाऱ्या माणसाने वैशाखात रानात राबणे हा प्राणांशी खेळ आहे. फ्लुनारिझिनने सुस्ती येते व वजन वाढते. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर केवळ ‘डोके दुखते’ एवढीच कैफियत न देता, आपण कोणत्या वेळी, किती उन्हात आणि कोणते काम करतो हेही सांगावे. औषधाची निवड त्यावर अवलंबून राहते. आणि पूर्वी कधी न झालेली, एकाएकी कळस गाठणारी, ओझे उचलताना किंवा धावताना प्रथमच उद्भवलेली, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, अथवा हातापायातील शक्ती व वाचा नेणारी डोकेदुखी ही अर्धशिशी समजून अंगावर काढू नये. तेथे विनाविलंब इस्पितळ गाठावे. दृष्टीत ती लकाकती रेघ उमटू लागली की कडबाकुट्टीच्या यंत्रावरून हात काढावा, विहिरीच्या काठावरून दूर व्हावे, ट्रॅक्टर थांबवावा. ही ताकीद मी भेटेल त्या प्रत्येकाला देत असतो.

येथवर लिहिलेले सारे माझ्यासारख्याला, म्हणजे ज्याला पेन्शन आहे आणि चालावयाचे की नाही हे ज्याला स्वतः ठरवता येते अशाला, लागू पडते. परंतु रोहिणखेडात शारीरिक हालचाल ही निवडावयाची गोष्ट नाही. रब्बीत गव्हाला व हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते आणि शेतीपंपाची वीज पाळीने रात्रीची असते. बारा-एक वाजता उठून, गारठ्यात दंड वळवीत, पहाटे परत येऊन झोपणाऱ्या माणसाला निद्रेची नियमितता कोठून आणून द्यावी? श्रावणातील सोमवार, एकादश्या, हरतालिकेचा निर्जळी उपवास, हे सारे करून त्याच दिवशी निंदणीला जाणाऱ्या स्त्रिया मी वर्षानुवर्षे पाहतो. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. परंतु जिचे मस्तक उठते तिने निदान पाणी सोडू नये, असे मी त्यांना विनवतो, आणि देवाला ते मान्य होईल अशी माझी निष्ठा आहे.

शेजारच्या एका वहिनीला ही व्यथा आहे. झटक्याच्या दिवशी घरी राहावे, असे मी तिला सुचविले, तेव्हा ती म्हणाली, ‘डोस्कं दुखते म्हून घरी बसलं तं मजुरी कोन देते, भाऊ?’ या प्रश्नाला चरकात उत्तर नाही आणि गोथेनबर्गच्या तपासातही नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 साली केला, केंद्राचा 2005 साली झाला, आणि त्या केंद्राच्या कायद्याने सरकारी कामावर पिण्याचे पाणी, विसाव्याला सावली आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवणे बंधनकारक केले. ही तजवीज ज्यांनी केली त्यांना मजुराच्या मस्तकाची काळजी होती. परंतु खाजगी शेतातील निंदणीला व कापूस वेचणीला असा कोणताच बंदोबस्त नाही. तेथे पाणी बाईने घरून आणावयाचे आणि सावली बांधावरच्या बाभळीची, ती असलीच तर.

म्हणून माझ्या स्वतःच्या थोड्या जमिनीपुरती मी एक रीत घातली आहे. निंदणीचे काम सकाळी लवकर सुरू व्हावे. पहिला अर्धा तास तण विरळ असलेल्या भागात सावकाश काढावा. मग दाट भागाकडे वळावे. पाण्याचा माठ तासाच्या टोकाशी असावा आणि शेजारी लिंबू, मीठ, साखर ठेवावी. अकरानंतर विसावा, आणि ऊन कलल्यावर उरलेले काम. जिचे मस्तक त्या दिवशी उठले तिने बसून करावयाचे काम घ्यावे अथवा घरी जावे, आणि तिची मजुरी कापू नये. यात माझे फार थोडे जाते. काम अडल्याचेही मला दिसले नाही, कारण दुपारी गळून बसणाऱ्या बायका आता संध्याकाळपर्यंत टिकतात.

आता शेजारचे दोन शेतकरी येत्या खरिपात हीच रीत घालू पाहत आहेत आणि त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. त्यांचा आक्षेप मजुरीवर नाही. आक्षेप बायकांकडूनच आला आहे, आणि तो रास्त आहे. सकाळी सहाला शेतात पोहोचावयाचे तर घरच्यांचा स्वयंपाक उरकण्यासाठी चारला उठावे लागते, म्हणजे उन्हातून वाचवलेले मस्तक झोपेच्या खात्यात पुन्हा बुडते. सकाळची भाकरी शेतमालकाने शेतावरच द्यावी, असे माझे म्हणणे आहे, म्हणजे त्यांची निदान एक चूल उशिरा पेटेल. परंतु त्या भाकरी कोणाच्या घरच्या बाईने, किती वाजता उठून थापावयाच्या, हे विचारले गेले आहे, आणि त्याचा निकाल मृगापूर्वी लावावयाचा आहे.